करमळीचे तळे आणि हिवाळी यात्रेकरू

मार्गशीर्ष लागला की गोमंतकातील देवळांत जत्रांची वर्दळ सुरू होते. त्याच सुमारास दुसरेही यात्रेकरू या भूमीत येऊन स्थिरावलेले असतात. मोरजीस शापोरा नदीच्या मुखाशी कुरव आणि सुरय यांचे थवे वाळूवर बसलेले दिसतात. चोडण बेटाच्या कडेला ओहोटीच्या चिखलात तुतवार आणि चिखल्या लगबगीने चोच मारीत फिरतात. करमळीच्या तळ्यात तलवार बदके आणि थापट्ये उतरतात. यांपैकी कित्येक मध्य आशियातून आणि सायबेरियातून हजारो मैलांचा प्रवास करून आलेले असतात. त्यांना पाहावयास दुर्बीण घेऊन जाणारांची संख्याही अलीकडे बरीच वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु हे पाहुणे नेमके येथेच का उतरतात, हा प्रश्न जितका निसर्गाचा तितकाच इतिहासाचा आहे. आणि, आमच्या व्यवसायाचा दोष म्हणा हवे तर, कायद्याचाही आहे.

करमळीचे तळे निसर्गाने दिलेले नव्हे. शेतीसाठी बांध घालून माणसाने ते अडविले आहे. त्याचा विस्तार सुमारे 70 हेक्टर. पावसाळ्यात ते भरते, आणि पुढे वायंगणाच्या भातासाठी त्याचे पाणी हळूहळू सोडले जाते. या हळूहळू सोडण्यातच सारे मर्म आहे. तलवार बदक किंवा थापट्या हे बुडी मारून तळ गाठणारे पक्षी नव्हेत. डोके पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे, अशा थाटात किंवा पृष्ठभागावर चोच फिरवून ते चरतात. खोल पाणी त्यांच्या कामाचे नाही. पाणी जसजसे उतरते तसतशी पाणवनस्पती आणि बी त्यांच्या चोचीच्या आवाक्यात येते, आणि काठाशी उघड्या पडणाऱ्या चिखलावर लांब पायांच्या पक्ष्यांची पंगत बसते. अडई, काणूक, कमळपक्षी ही घरची मंडळी तेथे असतातच. शिवाय काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा वारकरीही असतो. त्या पाणपक्ष्याला हे नाव ज्या कोणी दिले, त्याच्या रसिकतेला आमचा नमस्कार. सारांश, ज्या हाताने शेताला पाणी सोडले, त्याच हाताने नकळत पक्ष्यांचे पान वाढले.

तो हात गावकरीचा. गावच्या जमिनी सामाईकपणे धारण करणारी, बांध राखणारी आणि देवस्थानाचा खर्च चालविणारी ही संस्था पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची. 1526 साली अफोंसो मेशिया याने तिसवाडीतील गावकरींचे रीतिरिवाज लेखनिविष्ट केले, ते या जुन्या व्यवस्थेस मान्यता देण्यासाठीच. पुढे लवकरच तिसवाडीतील देवळे पाडली गेली, आणि 1541 मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविले गेले. करमळीच्या ब्रह्मदेवाची मूर्ती याच शतकात सत्तरीत नेण्यात आली; ज्या ठिकाणी ती विसावली त्यास आज ब्रह्मकरमळी म्हणतात. देवाबरोबर गावाचे नावही गेले. तळे मात्र नेता येण्यासारखे नव्हते. देऊळ गेले तरी बांध राहिला, कारण तो फुटला तर सारा वसूल कोठून होणार, एवढे शहाणपण नव्या राज्यकर्त्यांपाशी खासच होते.

खाजनांची कथाही याच जातीची. सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन गोमंतकाने खाऱ्या पाण्यापासून मिळविली आहे. मातीचा बांध आणि त्यात बसविलेली लाकडी मानस, एवढीच त्याची यंत्रणा. भरती आली की मानशीची दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीस आपोआप उघडतात. आत कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात. मानशीच्या तोंडाशी मासळी, तिची पावणी होऊन गावकरीस उत्पन्न. भरतीने नदीकाठचा चिखल बुडाला की तेथील तुतवार-चिखल्या बांध ओलांडून याच शेतांत आसरा घेतात.

गावकरींची संहिता 15 एप्रिल 1961 रोजी नव्याने मंजूर झाली. त्यानंतर आठ महिन्यांनी गोवा मुक्त झाला. 1964 चा कूळ कायदा आणि त्यातील 1976 ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास जमिनीची मालकी दिली. हा न्याय होता, आणि त्याविषयी आम्हांस तिळमात्र किंतु नाही. परंतु बांध राखण्याची जबाबदारी 1975 च्या नियमांनी कुळांच्या संघटनांवर सोपविली गेली. मालकी एकेकाची आणि बांध सर्वांचा, अशी ही स्थिती. फुटलेला बांध वेळीच न बांधल्यामुळे कित्येक खाजनांत खारे पाणी शिरले, शेते पडीक झाली आणि तेथे खारफुटी माजली. खारफुटीही उपकारकच, पण उघड्या चिखलावर जगणाऱ्या पक्ष्याला तिच्या दाटीत जागा नसते.

कोकण रेल्वेच्या मार्गाविरुद्ध झालेला अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने 1992 साली फेटाळला, आणि 1998 पासून गाड्या करमळीच्या तळ्याशेजारून धावू लागल्या. पक्षी त्यानंतरही येत राहिले. आमच्या मते त्याहून गंभीर गोष्ट एका व्याख्येत दडलेली आहे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने 2017 साली जे नियम केले, त्यांच्या व्याख्येतून भातशेते वगळली आहेत, आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली जलस्थळेही वगळली आहेत. खाजनांना 2011 च्या किनारा अधिसूचनेने वेगळे संरक्षण तरी दिले. तेथे विकासकामांस मनाई आहे. परंतु गोड्या पाण्याचे, गावकरीने बांधलेले तळे? ते सिंचनासाठी बांधले, हाच त्याचा अपराध ठरावयाचा.

याच्या उलट बाजूस कुडचडे येथील नंदा तळे आहे. 2022 साली त्याची रामसर यादीत नोंद झाली. असा मान मिळविणारे ते गोव्यातील पहिलेच. आणि तेही अडविलेल्या पाण्याचेच: पावसाळ्यानंतर तेथे पाणी साठवून ठेवतात आणि ते खालच्या भातशेतांस देतात.