वजनाची वही

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. 1911 पासून तिथे जन्माला आलेल्या बाळांचं वजन सुईण करायची आणि ते एका जाड वहीत लिहिलं जायचं. पुढे वर्षभर आरोग्यभेटीला जाणारी बाई त्या घरी फेऱ्या मारायची. बाळ अंगावर पितंय की बाटलीनं, आजारपण काय झालं, दात किती आले, हे ती टिपून ठेवायची. वर्ष पुरं झालं की बाळ पुन्हा काट्यावर, आणि तो आकडाही त्याच ओळीत. ही पद्धत एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी बसवली. परगण्यातल्या आरोग्यभेटीच्या कामाच्या त्या प्रमुख होत्या. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला आलेले कितीतरी तरुण खुरटलेले, किडक्या दातांचे निघाले होते. देशाची माणसं कशानं अशी झाली, या चिंतेतून इंग्लंडनं तान्ह्या बाळांकडे पाहायला सुरुवात केली होती.

मी साताऱ्याच्या माण तालुक्यात उपकेंद्रावर आरोग्य सेविका होते. स्प्रिंगचा काटा वाशाला अडकवायचा, झोळीत बाळ ठेवायचं, ते हातपाय झाडून शांत होईपर्यंत थांबायचं आणि आकडा वाचायचा, यात माझी नोकरी गेली. म्हणून निवृत्तीनंतर बर्नसाइडबाईंच्या वह्यांबद्दल वाचलं तेव्हा मी ते एखाद्या नातलगाची हकीकत वाचावी तसं वाचलं. त्या वह्या भरणाऱ्या सुईणींची नावं इतिहासात नाहीत. पण हृदयविकार आणि मधुमेह यांच्याविषयी आज जे बोललं जातं, त्यातला एक महत्त्वाचा भाग त्यांच्या हस्ताक्षरावर उभा आहे.

वह्या तशाच पडून राहिल्या असत्या. पण साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांना त्या हव्या होत्या, कारण त्यांना एक कोडं सुटत नव्हतं. हृदयविकार हा खाऊनपिऊन सुखी माणसांचा आजार, असं तेव्हा सगळे धरून चालले होते. पण इंग्लंड-वेल्सच्या नकाशावर हृदयविकारानं होणारे मृत्यू गरीब भागांत जास्त दिसत होते. आणि तेच भाग असे होते, जिथे 1920च्या दशकात तान्ही बाळं जास्त दगावली होती. हा ताळा त्यांनी आणि क्लाइव्ह ऑसमंड यांनी 1986 मध्ये मांडला. मग शोध सुरू झाला जुन्या वजनांचा.

1989 मध्ये हर्टफर्डशायरचा पहिला निष्कर्ष छापून आला. 1911 ते 1930 या काळात जन्मलेल्या 5654 पुरुषांचा त्यांनी माग काढला होता. त्या काळच्या सर्वसाधारण लोकसंख्येतलं हृदयविकाराच्या मृत्यूंचं प्रमाण 100 धरलं, तर पहिल्या वाढदिवसाला 18 पौंड किंवा कमी भरलेल्यांत ते 111 होतं आणि 27 पौंड किंवा जास्त भरलेल्यांत 42. साठी-सत्तरीतल्या माणसाच्या छातीतल्या कळेचा धागा त्याच्या पाळण्यापर्यंत पोचत होता. पुढे मधुमेहाचंही तेच दिसलं: जन्माचं वजन जितकं कमी, तितकी उतारवयात साखर बिघडण्याची शक्यता जास्त. पुष्कळांनी यावर आक्षेप घेतले. गरिबी आयुष्यभर चिकटून राहते, मग दोष एकट्या जन्मवजनाला कसा द्यायचा, हा प्रश्न रास्तच होता. पण एवढ्या वर्षांनी माग काढता आला, तो वह्या होत्या म्हणून.

इंग्लंडची गोष्ट इथवर. मला ती आपली वाटायला लागते ती पुण्यापासून.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं खेड्यांशी नातं जुनं. डॉ. बानू कोयाजी यांनी 1970च्या दशकात वढू परिसरात गावच्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्याच रुग्णालयाच्या मधुमेह विभागातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साउदम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांच्या सोबतीनं पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. इंग्लंडमध्ये जुन्या वह्या सापडल्या होत्या. इथे वही पहिल्या पानापासून लिहायची होती, आणि तीही बाळ पोटात यायच्या आधीपासून.

ते कसं केलं असेल, हे आमच्या धंद्यातल्या बाईलाच कळेल. शेकडो लग्न झालेल्या बायकांच्या घरी दर महिन्याला जायचं आणि पाळीची तारीख विचारायची. सासू ओसरीवर बसलेली, नवरा दारात, आणि सून मान खाली घालून बोटांवर मोजतेय. पहिले दोन-तीन महिने उत्तर मिळत नाही. चौथ्या महिन्यात ती स्वतःच विहिरीकडे जाता जाता थांबून सांगते. असा विश्वास बसल्याशिवाय सुमारे 800 गरोदर बायकांची नोंद अगदी सुरुवातीपासून होऊच शकत नाही. मग त्या काय खातात, किती पाणी वाहतात, शेतात किती राबतात, तेही लिहिलं गेलं. बाळंतपण झालं की तीन दिवसांच्या आत बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा आणि पोटाचा घेर, दंड, आणि चिमटा घेऊन कातडीखालच्या चरबीची जाडी.

आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं 42 किलो. बाळं सरासरी 2.7 किलोची, साउदम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याच्या बाळांचं पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. पण चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. अंगानं किरकोळ आणि आतून चरबीदार अशी ही बाळं. डॉ. याज्ञिकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, 22.3. अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के.

मला या अभ्यासातली सगळ्यात मोलाची वाटते ती साधी गोष्ट. ज्या आया पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा घेत, त्यांची बाळं मोठी होती. ज्या जास्त राबत, त्यांची लहान. आमच्याकडे म्हाताऱ्या सांगायच्या, “पोटुशीनं लई खाऊ न्हाई, पोर मोठं झालं तर अडतं.” त्यात क्रूरपणा नव्हता, भीती होती, बाळंतपणात मेलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. दूध घरचंच असायचं, पण ते सकाळी डेअरीच्या किटलीत जायचं. पुण्याच्या आयांच्या रक्तात ब12 जीवनसत्त्व तपासलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींत ते कमी होतं. ते मिळतं फक्त दूध, अंडी, मांस, मासे यांतून. मी हजारो लोहाच्या गोळ्या वाटल्या, ब12चा विचार आमच्या यादीत नव्हता.

ती बाळं मोठी झाली आणि अभ्यास त्यांच्या मागे राहिला. 18व्या वर्षी त्यांच्यातल्या 37 टक्के मुलांची आणि 18 टक्के मुलींची साखर मर्यादेच्या वर होती, आणि तपासलेल्या सगळ्या मुला-मुलींपैकी जवळपास निम्मी कमी वजनाची होती. काटकुळ्या पोरांना साखर! ओपीडीत असा पोरगा आला तर पूर्वी त्याची साखर कोणी तपासलीही नसती.

मनाचं काय, हा प्रश्न मला नोकरीत कायम पडायचा. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडलेली आहे, दूध पाजते पण बाळाकडे बघत नाही, हे मी पाहत असे. लिहायला रकाना नव्हता. हर्टफर्डशायरच्या वह्यांनी इथेही काही सांगितलं: पहिल्या वर्षात ज्यांचं वजन कमी वाढलं, त्यांच्यात मोठेपणी आत्महत्यांचं प्रमाण जास्त दिसलं, हे 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. पुण्यातही ज्या आयांचं ब12 फारच कमी होतं, त्यांची मुलं नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि आठवणीच्या चाचण्यांत मागे पडली.

पण या बाबतीत मला सगळ्यात जवळचं काम वाटतं ते गोव्यातलं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या आझिलो रुग्णालयात येणाऱ्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के जणी नैराश्यात होत्या. कारणं कोणती? गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. सहा महिन्यांनी बाळांची वजनं केली तेव्हा या आयांच्या बाळांमध्ये कमी वजनाची बाळं दुपटीहून जास्त निघाली. 2002 आणि 2003 मध्ये हे छापून आलं. ते वाचल्यावर काट्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली. बाळाचा काटा पुढे सरकत नाही तेव्हा आईला “नीट पाजत नाहीस का गं?” असं विचारायची आमची रीत. त्याआधी “तू कशी आहेस?” हे विचारायला हवं होतं, आणि ते शिकवणारं प्रशिक्षण हवं होतं.

आता एक गोष्ट तळमळीनं सांगते. आपल्याकडच्या जन्मवजनांच्या नोंदी पाहिल्या तर बरोबर अडीच किलोवर आकड्यांची गर्दी दिसते. 2.5 च्या खाली बाळ ‘कमी वजनाचं’ ठरतं, मग फेऱ्या वाढतात, फॉर्म वाढतात, वरून विचारणा होते. कामानं वाकलेल्या बाईचा हात अडीचवर थांबतो. मी तिला दोष देत नाही. एका सेविकेच्या माथी किती गावं आणि किती वाड्या मारल्यात ते मला ठाऊक आहे. पण 2.3 चा 2.5 झाला, की ते मूल पन्नास वर्षांनी शोधणाऱ्यालाही सापडत नाही आणि आज मदत करणाऱ्यालाही नाही. खऱ्या आकड्याबद्दल सेविकेला जाब विचारणं थांबलं, तर वह्या आपोआप खऱ्या होतील.

पुण्याच्या त्या सहा गावांतली वही अजून मिटलेली नाही. 2012 मध्ये तिथल्याच मुला-मुलींना, म्हणजे 1990च्या दशकात तीन दिवसांची असताना मोजलेल्या बाळांना, ब12च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलींची लग्नं होऊन पहिलं बाळंतपण होईपर्यंत या गोळ्या द्यायच्या, असं ठरलं होतं. त्यांची बाळं जन्मली, तीही मोजली गेली. आजीचं 42 किलो, आईचं जन्मवजन आणि नातवाचं जन्मवजन, अशी तीन पिढ्यांची ओळ आता त्या नोंदींत आहे.