भत्ता, भात आणि सरहद्द

बंगळूरहून मंड्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कालव्याच्या पाण्यावरची हिरवीगार शेतं लागतात. मी गाडीच्या चालकाला विचारलं, हे काय पीक? तो म्हणाला, "भत्त, सार." कानडीत साळीला, म्हणजे टरफलासकट भाताला, भत्त म्हणतात. मी नुकताच ऑफिसात प्रवासभत्त्याचा कागद तिसऱ्यांदा दुरुस्त करून आलो होतो, त्यामुळे तो शब्द कानाला जरा जास्तच लागला.

संध्याकाळी हॉब्सन-जॉब्सन उघडला. इंग्रजांनी उचललेल्या हिंदुस्थानी शब्दांचा हा जाडजूड कोश 1886 मध्ये निघाला. त्यात आपल्या भत्त्याचं मूळ या कानडी भत्ताशीच जोडलेलं आहे आणि मधला दुवा आहे पोर्तुगीजांचा. सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्या हिशेबांत नोकरांच्या पगाराशेजारी 'बता' म्हणून वेगळी रक्कम दिसते. घरापासून लांब चाकरीला असलेल्या माणसाच्या पोटाला लागणारा तांदूळ, आणि पुढे त्याचे पैसे. आपण आज महागाई भत्ता म्हणतो तो शब्द निघाला तो असा भाताच्या कोठारातून.

इंग्रजांनी तो उचलला आणि त्यावर फौज उभी केली. कंपनीच्या फौजेत मूळ पगार तुटपुंजा, खरी कमाई भत्त्याची. छावणीत असाल तर अर्धा, मोहिमेवर असाल तर पूर्ण. प्लासीनंतर मीर जाफरनं गोऱ्या अधिकाऱ्यांना दुप्पट भत्ता दिला आणि त्यांना त्याची सवय लागली. क्लाइव्हनं तो 1 जानेवारी 1766 पासून बंद केला. मग मोंघीर, बांकीपूर, अलाहाबाद इथल्या अधिकाऱ्यांनी संगनमत करून एकदम राजीनामे द्यायचे ठरवलं. मराठ्यांची स्वारी येण्याची धास्ती होती, म्हणजे वेळ अगदी नेमकी साधलेली! क्लाइव्हनं हे बंड मोडलं. कर्नल सर रॉबर्ट फ्लेचर कोर्टमार्शल होऊन बडतर्फ झाले. पण पुढे हेच फ्लेचर परत घेतले गेले आणि मद्रासच्या फौजेचे सेनापती झाले.

आता दुसरं चित्र. 1824, बराकपूर. 47 व्या बंगाल पलटणीला ब्रह्मदेशच्या लढाईवर जायचं होतं. सामान वाहायला बैल मिळेनात, मिळाले तर परवडेनात. शिपायांनी दुप्पट भत्ता मागितला आणि तो मिळेपर्यंत कूच करायचं नाकारलं. सेनापती पॅजेटनं त्यांच्यावर तोफा डागल्या. पळणारे नदीत बुडाले, उरलेल्यांतले काही फासावर गेले, आणि पलटणीचा नंबरच यादीतून पुसला. गाऱ्हाणं दोन्ही वेळी एकच होतं, भत्त्याचं.

पण मला जास्त खुपते ती पुढची गोष्ट, कारण तिची छोटी आवृत्ती मी स्वतः पाहिली आहे. मागे एका पोस्टिंगला आमचा भाग कागदावर फील्डमधून मॉडिफाइड फील्डमध्ये आला. डोंगर तोच, वारा तोच, रोजची गस्त तीच. भत्ता मात्र उतरला. आमच्या साताऱ्याच्या हवालदारानं विचारलं, "साहेब, रातीत थंडी कमी झाली काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सिंधमध्ये हेच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. 1843 मध्ये सर चार्ल्स नेपियरनं सिंध जिंकला. तोवर सिंध परमुलूख होता, तिथं जाणाऱ्या शिपायाला परमुलखाचा जादा भत्ता होता. सिंध खालसा झाला आणि सरकारी हिशेबानं तो आता आपलाच मुलूख ठरला. मग परमुलखाचा भत्ता कशाला? शिपायाचा पगार महिना 7 रुपये, त्यातच स्वतःचं जेवण. घर तितकंच लांब, ताप तितकाच वाईट. 1844 मध्ये 34 व्या बंगाल पलटणीनं जायला नकार दिला. ती मेरठला मोडून टाकली. 47 व्या मद्रास पलटणीला मद्रासच्या गव्हर्नरनं ब्रह्मदेशच्या दरानं भत्ता कबूल केला होता. मुंबईत पोचल्यावर कळलं की तो मिळायचा नाही. त्यांनी परेडवरच हुकूम मानायचं नाकारलं.

त्याच सुमारास आपल्या कामठीहून 6 वा मद्रास घोडदळ जबलपूरला गेला. ही माणसं मूळ अर्काटहून आलेली. बायकामुलं बरोबर ठेवायची ही मद्रासी पलटणींची जुनी रीत, आणि कुटुंबं तर शेकडो मैल मागे राहिलेली. जबलपूर आता कायमचं ठाणं आणि भत्ता कमी, हे कळताच तेही बिथरले.

पुढे 1849 मध्ये पंजाब खालसा झाला, तिथंही तेच. या वेळी सेनापती तोच नेपियर. धान्य ठरावीक दराच्या वर गेलं तर फरक सरकारनं शिपायाला द्यायचा असा एक भत्ता होता, अगदी खराखुरा महागाई भत्ता. नव्या नियमानं तो कमी होत होता. वझिराबादच्या फौजेत असंतोष दिसताच नेपियरनं स्वतःच्या अधिकारात तो नियम थांबवला. गव्हर्नर जनरल डलहौसीनं कान उघाडणी केली आणि नेपियरनं राजीनामा दिला. ज्यानं सिंध जिंकून शिपायांचा भत्ता घालवला, त्याचीच खुर्ची शेवटी भत्त्यापायी गेली. दरम्यान गोविंदगडला 66 वी पलटण उठली, मोडली गेली आणि तिचा नंबर नसीरी गुरख्यांना दिला. तीच आजची पहिली गोरखा रायफल्स.

साहेबांची अडचण मात्र निराळ्या तऱ्हेनं सुटली. चांदी पडली तसा रुपया घसरला. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया 1890 च्या दशकात शिलिंग-सव्वाशिलिंगावर आला. पगार रुपयात आणि बायकोमुलांचा खर्च विलायतेत पौंडात. म्हणून 1893 पासून गोऱ्या अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर 1 शिलिंग 6 पेन्सचा दर धरून भरपाई मिळू लागली. नाण्याच्या हुंडणावळीतल्या तुटीला आपण बट्टा म्हणतो, इंग्रजीत भत्ता आणि बट्टा दोन्ही एकाच स्पेलिंगात कोंबलेले. इथं बट्ट्यासाठी भत्ता मिळाला! भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर. गोपाळ कृष्ण गोखले 1897 मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीला गेले, तेव्हा या भरपाईवर त्यांनी आक्षेप घेतला.

त्या दिवसांत इथं बंगळूरच्या छावणीत चौथ्या हुसार्समधला विन्स्टन चर्चिल नावाचा पोरगेला अधिकारी पोलो खेळत होता. पगारात त्याचं भागत नसे, घरून वर्षाला 500 पौंड येत, तरी सावकार होतेच. बंगळूर क्लबच्या 1899 च्या वहीत बुडीत बाकीदारांमध्ये त्याचं नाव आहे, रक्कम 13 रुपये. शिपायाचा पगार तेव्हा 9 रुपये होता.