घरातली मारहाण ही 'घरची गोष्ट' नाही : नागपूर १९४२ ते आजच्या वस्त्या



"घरातलं घरातच मिटवा, बाहेर गेलं की समाजाची बदनामी होते." गेल्या दहा-बारा वर्षांत वस्त्यांमध्ये काम करताना हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले. म्हणणारे शत्रू नसतात. विहार कमिटीचे ज्येष्ठ असतात, भाऊ असतात, कधी स्वतः मार खाल्लेल्या सासूबाई असतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचणारा कार्यकर्ता रात्री घरी जाऊन बायकोवर हात उगारतो, हे सगळ्या गल्लीला माहीत असते आणि सगळी गल्ली गप्प असते. का? तर म्हणे, विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल.

आमचे म्हणणे असे की हे वाक्य आपल्या चळवळीचे नाहीच. ते समोरच्या छावणीतून आपल्याकडे आले आहे. आपला इतिहास नेमका उलटा आहे.

आधी कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. उंबरठ्याच्या आतला छळ हा राज्याने दखल घेण्याचा गुन्हा आहे, असे म्हणणारा हा राजा. पुढच्याच वर्षी माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण बाबासाहेबांकडे बोट दाखवून तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला म्हणून सांगितले. माणगाव आपण दरवर्षी आठवतो. १९१९ चा कायदा मात्र आठवत नाही.

मग नागपूर. २० जुलै १९४२. अखिल भारतीय दलित महिला परिषद. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या, त्यातल्या कित्येक जणी गिरणीत, शेतावर, विडीच्या कामावर राबणाऱ्या. देशात 'चले जाव'ची हवा तयार होत होती, आणि या बायकांनी ठराव कशाचे केले? नवऱ्यापासून कायदेशीर फारकत घेण्याचा हक्क द्या. एका नवऱ्याने अनेक बायका करण्याची चाल कायद्याने बंद करा. सोबत कामगार स्त्रियांच्या सवलतींचे, शिक्षणाचे ठराव. समाजाची बदनामी होईल म्हणून घरचे दुखणे झाकून ठेवा, असे तिथे कुणी म्हटले नाही. उलट बाबासाहेबांनी त्याच मंडपात सांगितले की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची गुलाम व्हायला नकार द्यावा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात या बायकांच्या आठवणी गोळा केल्या नसत्या, तर हा सगळा इतिहास पुरुषांच्या भाषणांखाली गाडला गेला असता. ज्यांनी वाचले नाही त्यांनी वाचावे.

पाच वर्षांनी बाबासाहेब कायदामंत्री झाले. हिंदू कोड बिलात त्यांनी घटस्फोट, एकपत्नीत्व, मुलीचा वारसा हे सगळे धरून ठेवले. संस्कृती बुडाली म्हणून आरडाओरडा झाला. त्यावर त्यांचे उत्तर मार्मिक होते : ज्यांना तुम्ही शूद्र म्हणता, त्या बहुसंख्य समाजात फारकतीची रूढी आधीपासूनच आहे, मग तुम्ही कुणाची संस्कृती वाचवता आहात? काडीमोड आणि पाट आपल्या आज्यांना ठाऊक होते. 'नवऱ्याच्या घरात डोली गेली, आता तिरडीच बाहेर येईल' हा विचार आपल्याकडे उसना आहे. बिल रखडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. राजीनाम्याच्या कारणांत या बिलाची फरफट हे मोठे कारण होते. घरातल्या बाईच्या हक्कासाठी ज्याने मंत्रिपद सोडले, त्याचे अनुयायी 'घरातलं घरात' म्हणतात, तेव्हा आम्हाला राग येतो. लपवत नाही.

पुढे कायदा तुकड्या-तुकड्याने आला. १९५५ च्या विवाह कायद्यात क्रूरतेवरून बाईला फक्त वेगळे राहण्याची परवानगी मागता येत होती. क्रूरता हे घटस्फोटाचे कारण व्हायला १९७६ ची दुरुस्ती लागली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९८३ ला कलम ४९८-अ आले. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ आहे. बऱ्याच जणींना वाटते ते फक्त हुंड्यासाठी आहे. तसे नाही, हुंडा न मागता केलेली क्रूरताही त्यात येते. आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून कौटुंबिक हिंसाचार कायदा लागू झाला, जो कुठल्याही धर्माच्या बाईला लागू आहे आणि लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही.

या शेवटच्या कायद्याने मोठे काम केले ते ओळखण्याचे. मारहाण तर हिंसा आहेच. पण मूल नाही, मुलगाच नाही म्हणून टोमणे मारणे ही हिंसा आहे. इच्छा नसताना केलेली जबरदस्ती, लग्नाच्या नवऱ्याने केली तरी, हिंसा आहे. धुणीभांडी करून आणलेला पगार काढून घेणे, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवणे, घरखर्चाला पैसे न देणे, तिचे डोरले विकून दारू पिणे, ही आर्थिक हिंसा. आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुधा "तसा तो मारत नाही हो" अशी सुरुवात करतात. मग हळूहळू कळते की तिला माहेरी फोन करायची परवानगी नाही, मोबाइल रोज तपासला जातो, रात्री दोन वाजता मुलांसकट बाहेर काढले जाते. तो घरात आला की पोरे कोपऱ्यात जाऊन बसतात. आम्ही आता मारतो का हे विचारण्याआधी विचारतो, "तुम्हाला त्याची भीती वाटते का?"

दारूने होते, असेही सांगतात. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती मोडणाऱ्याला जाब विचारायलाच हवा. पण दारू प्यालेला माणूस मुकादमावर हात टाकत नाही, बायकोवरच टाकतो, याचा विचार करावा. आणि वंदना म्हणणाऱ्यांना सिगालोवाद सुत्तही ठाऊक असावे. त्यात बुद्धांनी नवऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली. पहिले पत्नीचा सन्मान करणे, दुसरे तिचा अवमान न करणे.

इथे आमची चूकही सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काळात आम्ही एका ताईचा 'समझोता' केला. नवऱ्याकडून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले, चार ज्येष्ठांच्या सह्या घेतल्या, चहा झाला. पंधरा दिवसांत ती मनगट मोडून परत आली. त्या कागदाचे काहीच वजन नव्हते. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन मॅजिस्ट्रेटचा संरक्षण आदेश घेतला असता, तर तो मोडल्यावर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही झाले असते. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आम्हाला हे तेव्हा सुचले नाही.

म्हणून आता आम्ही काय सांगतो ते लिहितो. जीवाला धोका असेल तर ११२. एरवी महिला हेल्पलाइन १८१. जखम असेल तर आधी सरकारी दवाखाना, आणि डॉक्टरला "पडले" सांगू नका, कुणी मारले ते सांगा, ते कागदावर येते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झाले ते याच विचाराने, की मार खाल्लेली बाई पोलिसांआधी दवाखान्यात पोचते. पोलिसांची भीती वाटत असेल तर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष विचारा. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी तो सुरू केला, आता राज्यभर आहेत, तिथे समाजकार्यकर्त्या बसतात. जिल्ह्यात सखी केंद्र असते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका : १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांचा क्रमांक १५१००. नवऱ्याला तुरुंगात घालायचे नसेल तरी चालते. राहायचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा हे सगळे कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मागता येते. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिला बाहेर काढता येत नाही.

आणि आधार, रेशन कार्ड, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स शेजारच्या विश्वासू बाईकडे ठेवून द्या. निघायची वेळ आली की ही कागदे शोधायला उसंत नसते.

यंदा २० जुलैला आम्ही एका विहारात नागपूरचे ठराव वाचून दाखवले आणि हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावले. दुसऱ्या दिवशी कागद फाडलेला होता. महिला मंडळाने पुन्हा लावला, या वेळी बायकांच्या बाजूच्या दाराच्या आतून.