दोन मिलिमीटरांची सुधारणा



आगगाडी पुण्यात आली ती १८५८ साली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये रूडॉल्फ डिझेल जन्माला आला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. पण शतकाहून थोड्या अधिक काळाने दौंडच्या फलाटावर त्यांची गाठ पडली. तिची हकीकत आज सांगावयाची आहे. विषय यंत्राचा आहे, म्हणून तो रूक्ष असेल असे समजू नका. माणसाने श्वासात कोणती हवा घ्यावी आणि गरीब देशाने जुन्या वस्तूचे काय करावे, हे दोन प्रश्न त्यात दडलेले आहेत.

डिझेलची युक्ती मुळात सोपी. हवा इतकी दाबावयाची की ती अतिशय तापावी, आणि मग तीत तेल सोडावयाचे. ठिणगीची गरजच नाही. १८९७ साली त्याच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा तेलातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामी आली. वाफेच्या इंजिनाला हे स्वप्नातही साधले नव्हते. परंतु खरी अडचण होती तेल आत सोडण्याची. स्वयंपाकघरातला अनुभव पाहा. ओंडका धुमसतो, त्याच लाकडाच्या ढलप्या भडकन पेटतात. तेलाचेही तसेच. थेंब जाड असला की त्याचा गाभा कच्चा राहतो, आणि तो कच्चा कोळसा काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. तेव्हा काळा धूर म्हणजे केवळ घाण नव्हे. ते पैसे देऊन आणलेले आणि न जळता उधळलेले तेल होय.

आता दौंडकडे वळू. १८७८ साली मनमाडची वाट येथून फुटली आणि दौंड जंक्शन झाले. वाफेच्या इंजिनांची सद्दी येथे दीर्घकाळ चालली. मग १९६२ साली अमेरिकेच्या आल्को कंपनीची २६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने भारतात आली. १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. डब्ल्यूडीएम-२ हे त्यांचे नाव. सोळा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास नऊ इंच, आणि प्रत्येकाला तेल पुरविणारा स्वतंत्र पंप. पुण्याच्या घोरपडी शेडमध्ये या जातीच्या इंजिनांची देखभाल होई. ती कणखर होती, पण धूर फार ओकत. ड्रायव्हरने गाडी सोडताना नॉच वाढविला की तेल लगेच वाढे. हवा पुरविणाऱ्या टर्बोला मात्र वेग घेण्यास अवधी लागे. तेवढ्या वेळात काळ्या धुराचा लोट फलाटावर पसरे.

१९७३ आणि १९७९ साली जगात तेलाचे भाव भडकले, आणि आपल्या देशाला ही उधळपट्टी परवडेनाशी झाली. शेकडो इंजिने मोडीत काढून नवी घ्यावीत, एवढा पैसा कोठून आणावयाचा? लखनौच्या रेल्वे संशोधन संघटनेतील अभियंत्यांनी वेगळा मार्ग धरला. इंजिन तेच ठेवून त्याचे आतडे बदलावयाचे. पंपाच्या दट्ट्याचा व्यास १५ मिलिमीटर होता, तो १७ करण्यात आला. फरक दोन मिलिमीटरांचा. पण हिशेब करून पाहा. दट्ट्याचे क्षेत्रफळ त्यामुळे सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. तितकेच तेल आता कमी वेळात, अधिक दाबाने आत घुसते. फवारा बारीक होतो आणि जळण वेळेवर पुरे होते. वाढीव दाब सोसण्यास कॅमशाफ्ट भक्कम हवा, हवा अधिक हवी म्हणून टर्बो नवा हवा, ती हवा थंड करण्यासाठी मोठा कूलर हवा. एक सुधारणा दुसरीला हाक मारते ती अशी! पुढे याच घराण्यातून ३१०० अश्वशक्तीचे इंजिन निघाले, आणि पतियाळाच्या कारखान्यात जुनी इंजिने उलगडून त्याच तोलामोलाची करण्यात येऊ लागली.

पण एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. जळण जलद व प्रखर झाले की काजळी घटते, पण नायट्रोजनचे विषारी वायू वाढतात. धूर दिसेनासा झाला म्हणून हवा शुद्ध झाली असे नव्हे. डोळ्यांना दिसणारा शत्रू गेला आणि न दिसणारा बळावला, असा हा पेच आहे.

शेजारच्या शिरूरला, म्हणजे आपल्या घोडनदीला, आगगाडी आलीच नाही. डिझेल मात्र विहिरीवरून आले. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि अशा इंजिनांनी मोटेची जागा घेतली. त्याच शिरूर तालुक्यात, रांजणगावला, पुढे फियाटच्या कारखान्यात मल्टिजेट इंजिने तयार होऊ लागली. त्यांत तेल एका सामाईक नळीत सदैव प्रचंड दाबाखाली असते, आणि विजेच्या इशाऱ्यावर उघडणारी झडप एकाच जळणात ते अनेक हप्त्यांनी सोडते. जुन्या पंपात दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून असे. येथे ती परवशता संपली. ही पद्धत मोटारगाडीत प्रथम बाजारात आली ती १९९७ साली, डिझेलच्या चाचणीला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा.

२०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्वाळा दिला. त्यामागे खाणकामगारांच्या आणि रेल्वे कामगारांच्या आरोग्याचे अभ्यास होते. म्हणजे बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून पंप तपासणारा फिटर हा या इतिहासाचा केवळ कारागीर नव्हता. त्याची किंमत चुकविणाराही तोच होता.

पुणे-दौंड मार्गावर २०१० ते २०२० या दशकात विजेच्या तारा आल्या आणि तेथील डिझेलचे राज्य ओसरले. मग त्या दोन मिलिमीटरांची मेहनत वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. नवे येईपर्यंतची वर्षेही माणसांना जगावीच लागतात, आणि त्याच हवेत जगावी लागतात. त्या वर्षांत ज्यांनी जुने यंत्र थोडे कमी उधळे केले, त्यांचे ऋण मान्य करूनच आपण विजेच्या गाडीत बसावे.