अग्निद ते आततायी

धर्मशास्त्रात आग लावणाऱ्यास ‘अग्निद’, म्हणजे आग देणारा, असे म्हटले असून, वसिष्ठस्मृतीने विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा आणि धन, जमीन वा स्त्री हरण करणारा यांच्यासह त्याची गणना सहा ‘आततायीं’त केली आहे. धनुष्य ताणून चालून येणारा असा आततायी या शब्दाचा मूळ अर्थ असल्याने, अशा हल्लेखोरास ठार मारणाऱ्यास दोष लागत नाही, असे मनुस्मृती सांगते. कौटिलीय अर्थशास्त्रात कुरण, शेत, खळे, घर किंवा राखीव वन पेटवणाऱ्यास आगीतच जाळण्याची शिक्षा आहे. खळ्यावर मळणीसाठी रचलेले पीक जळाले, तर वर्षभराचे धान्य आणि राजाचा वाटा दोन्ही एकदम नष्ट होत, हे ध्यानात घेतल्यास या यादीतील खळ्याचे स्थान उमगते. 1860 च्या भारतीय दंड संहितेनेही कलम 435 मध्ये आगीने केलेल्या नुकसानीसाठी इतर मालमत्तेस शंभर रुपयांची, तर शेतमालास अवघ्या दहा रुपयांची मर्यादा ठेवली होती. आजच्या मराठीत मात्र ‘अग्निद’ प्रचारात नाही, त्या कृत्यास ‘जाळपोळ’ म्हणतात, आणि ‘आततायी’ हा शब्द अविचारी, उतावळ्या माणसापुरता सौम्य झाला आहे.