उंबरखिंड आणि निन्जाचा खेळ

गुप्त हल्ल्याच्या युद्धपद्धतीचे आज सर्वांत परिचित झालेले चित्र इतिहासग्रंथांतील नसून पडद्यावरील खेळांतील आहे. तेक्मो या जपानी कंपनीने 1988 मध्ये ‘निन्जा गायडेन’ ही खेळमालिका सुरू केली. तिचा नायक र्यू हायाबुसा हा परंपरागत साच्यातला आहे : पित्याच्या अंताचा शोध, पूर्वजांची तलवार, आणि शत्रूच्या गोटात एकट्याने शिरण्याचे धाडस. तो भिंतीला चिकटतो, तेथून समोरच्या भिंतीवर झेपावतो. खास शस्त्रे वापरावयाची तर मोजकी शक्ती खर्ची पडते. शत्रूचा धक्का लागताच तो मागे फेकला जातो आणि पुष्कळदा दरीत कोसळतो. या खेळात भूमी हीच वैरीण होय.

चौक ज्या खालापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात उंबरखिंड आहे, आणि तेथील दाखला नेमका याच्या उलट आहे. पुण्यास तळ देऊन बसलेल्या शाएस्ताखानाने कारतलबखानास कोकणात धाडले. रुळलेला बोरघाट सोडून खानाने कुरवंड्याची वाट धरली. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आहे. वाट अरुंद, दोहों बाजूंस गर्द झाडी, सैन्य लांबच लांब पसरलेले आणि पाण्याची वाण. फेब्रुवारी 1661 च्या आरंभी शिवाजी महाराजांच्या दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी त्यास कोंडले. येथे कोणा एकाच्या उडीला महत्त्व नाही. अगोदर मिळालेली बातमी, वाटांची माहिती आणि इशारा होईपर्यंत शेकडो माणसांनी पाळलेली शांतता यांवर सारे अवलंबून होते. असली शांतता पडद्यावर दाखविणे कठीण, आणि पोवाड्यात गाणे त्याहूनही कठीण!

म्हणूनच की काय, मराठी परंपरेनेही आपले साचे घडविले. 1670 च्या सिंहगडाच्या प्रसंगात घोरपडीची कथा आली. महाराजांच्या हाती देवीने दिलेली तलवार आली. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रकरणी थोडक्यात येणारा हेर बहिर्जी जाधव लोककथेत सर्वज्ञ बहुरूपी झाला. हायाबुसाची तलवार आणि भवानी तलवार यांत उसनवारी शोधण्याचे कारण नाही. बहुतांचा पराक्रम एका हातात दाखवावयाचा झाला की असे शस्त्र कथेला लागतेच.

जपानातही हेच घडलेले दिसते. इगा प्रांतातील गुप्तविद्येचा ‘बान्सेनशूकाई’ हा संग्रह 1676 चा, म्हणजे महाराजांच्या हयातीतलाच. त्यात चोरून शिरण्याच्या युक्त्या आहेत खऱ्या. परंतु वेषांतर करून उघडपणे वावरणे आणि बातमी काढणे यांसही त्यात मोठे स्थान आहे. निन्जाचा सर्वपरिचित काळा वेष हा पुढच्या काळातील रंगभूमी व चित्रे यांच्या प्रभावाने रूढ झाला, असे अभ्यासक मानतात.

साच्याने झाकलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक मोलाची आहे. हायाबुसाच्या खेळात शत्रूला मारणे किंवा चुकविणे एवढेच शक्य. शरणागतीला तेथे जागा नाही. मारलेला शत्रूही, खेळाडू थोडा मागे सरकून पुन्हा आला, की पूर्ववत् उभा ठाकतो. उंबरखिंडीत मात्र रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने वकील पाठविला, आणि महाराजांनी खंडणी घेऊन कोंडलेल्या सैन्यास वाट दिली. कोंडी करणे हे साधन होते, संहार हा हेतू नव्हता. हा भेद लक्षात न घेता गनिमी काव्यास केवळ लपूनछपून मारण्याची कला ठरविणे म्हणजे त्यातील राजकारण गाळून टाकणे होय.

त्यानंतर मोगलांवर नजर ठेवण्याचे काम सरनोबत नेताजी पालकरांकडे सोपवून महाराज दक्षिण कोकणात उतरले आणि त्याच वर्षी राजापूर घेतले. नेताजींचे गाव चौक, असे येथील परंपरा मानते.