चार मिलिमीटरचा एक फूट

1925 साली रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन पोरगा विलायतेला आला. (हो, आडनावच इंग्लंड.) वेड होतं ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं. त्या गाड्यांपायी तो स्विंडनजवळ, व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स नावाच्या खोऱ्यात रमला. पण खोऱ्यातली गावं झपाट्याने बदलत होती. गवताने शाकारलेली छपरं उतरत होती, वर ॲस्बेस्टॉस चढत होतं. रॉयने ठरवलं, ही घरं नाहीशी होण्याआधी मोजून घ्यायची आणि पुठ्ठ्यात पुन्हा बांधायची.

मॉडेल रेल्वेच्या छंदात तयार किट न आणता सगळं हाताने करण्याला स्क्रॅच बिल्डिंग म्हणतात. रॉयचं प्रमाण होतं एका फुटाला 4 मिलिमीटर. म्हणजे 9 इंची वीट 3 मिलिमीटरची. या मापात पुठ्ठ्यावर एकेक वीट कोरायची आणि जलरंगात रंगवायची, तीही शेजारणीपेक्षा किंचित वेगळ्या छटेत, कारण भट्टीतून सगळ्या विटा सारख्या निघत नाहीत. छपराला ताग, प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतात तोच. शाकारणीचे थर खालून वर चढवत न्यायचे, खऱ्या छपरासारखे.

1954 मध्ये लाँग विटनम गावात या कामातून पेंडन म्युझियम उभं राहिलं. तिथेच जॉन अहर्न यांची मॅडर व्हॅली ठेवलेली आहे. अहर्नचं काम युद्धाच्या आधी सुरू झालेलं. तोवर बहुतेकांचं लक्ष रुळांवर आणि इंजिनांवर असायचं. या माणसाने डोंगर, बंदर, गल्ल्या यांच्यासकट अख्खा प्रदेश रचला. पण तो प्रदेश कल्पनेतला. ठिकठिकाणच्या खऱ्या इमारती उचलून त्याने एकत्र वसवल्या होत्या. दिसायला मला मॅडर व्हॅली जास्त आवडते. तरी माझ्यातला इंजिनिअर रॉयकडेच झुकतो. अहर्नने गाव रचलं, रॉयने गावाचा बॅकअप घेतला. आणि बॅकअपमध्ये स्वतःच्या आवडीला जागा नसते. एखादी खिडकी वाकडी असेल, तर ती वाकडीच उतरवायची.

1995 साली रॉय गेला. स्वयंसेवकांनी खोऱ्याचं काम पुढे चालू ठेवलं.

हे वाचल्यावर मी आमच्या आजोळच्या घराचे फोटो काढून बसलो. घर पाडून सहा वर्षं झाली. माझ्या फोनमध्ये चाळीसेक फोटो आहेत, पण प्रत्येकात माणसंच समोर उभी. घर मागे, अर्धवट. दार केवढं होतं, विचारलं तर मामा एक सांगतो, मावशी दुसरंच. माप कुणीच घेतलं नव्हतं. राहत्या घराचं माप कोण घेतं?

पाडलेल्या घराचे जांभ्याचे चिरे मागच्या गडग्याला लावलेत. दिवाळीत गेलो तेव्हा त्यातला एक मोजला. उंची 9 इंच. एका फोटोत चौकटीशेजारचे थर स्पष्ट दिसतात: सात. म्हणजे रॉयच्या प्रमाणात दार 21 मिलिमीटरचं. त्याच दारात उभा असलेला मामा साडेपाच फूट, म्हणजे 22. आत शिरताना तो मान खाली घालायचा. जुळतंय.